कुरणातला लांडगा

माळवस्ती, दुधनीजवळ
१८ नोव्हेंबर १९७३

ती. स्व. दादा यांस,
हिंदुरावचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. हितं समदं ठीक हाय. तूर फुलावर आलीया, म्हस गाभण हाय, आन् तुमचा भाऊ पलटणीतून सुटून आला तरी अजून शिट्टी वाजल्यागत पहाटं उठून बसतोय. वहिनींनी इचारलं की मी दिवसभर करतो तरी काय. तर पलटणीतला पिट्ठू, पाटीवरची पिशवी, मी संगं आणलाय. त्यात दगडं भरतो, वर घोंगडी बांधतो, पान्याची बाटली लटकावतो आन् माळावर चालाय निघतो. लोक हासत्यात. परवा सिद्रामप्पा सरपंच म्हनाला, हिंदुराव, गाढव इकलं का काय? मी म्हनलं, आवो इकतोय कशाला, मीच झालोय. पर दादा, बसून ऱ्हायलो तर पाय धरत्यात. तिकडं बर्फात चाललेलं पाय हितं बाजंवर सडवायचं का?

आप्पांची एकनळी बंदूक साफ केलीया. लायसन नवं करून घेतलंय. गायरानात तितर मिळत्यात, कधी ससा. जीपमधनं येऊन दिव्याच्या झोतात मारनाऱ्यांतला मी न्हवं. पायानं जेवढं गाठंल तेवढंच.

फारिष्टाच्या कुरणात गेलो तवा मातुर तितला गार्ड आडवा आला. नागप्पा नाव. कर्नाटकातला मानूस, अंगानं काटकुळा. काडतूस काढा म्हनाला. मी म्हनलं, हे कुरण आमच्या आज्यानं राखलंय. तर म्हनतो, आज्याला बोलवा, त्येला सोडतो, तुमाला न्हाय. आता अशा मान्साशी भांडायचं कसं? बाभळीखाली बसलो, माज्या पिट्ठूतली भाकरी दोगांनी खाल्ली. त्येचं पुढचं दोन दात न्हाईत. मागल्या साली जीपवाल्यांनी काळवीट मारला, ह्यो आडवा गेला, तर बंदुकीच्या दस्त्यानं तोंड फोडलं त्येचं. तरी आडवा जायाचं सोडलं न्हाय. तवापासनं मी गायरानात बंदूक घेतो आन् कुरणात नुसता पिट्ठू. कधी त्योबी संगं चालतो. पलटणीत असता तर माज्या पुढं चालला असता.

वहिनींना नमस्कार. पोरांना गालगुच्चे. आमच्यावरची माया अशीच ऱ्हाऊ द्यावी.

आपला आज्ञाधारक,
हिंदुराव


सोलापूर
२७ नोव्हेंबर १९७३

चि. हिंदुराव यास,
रामहरीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचून तुझी वहिनी हसून हसून दमली. आता धाकटी दप्तरात पाट्या भरून घरभर चालते आणि काका काका म्हणते. शाळेत सहामाहीचे पेपर तपासण्याचे काम चालू आहे, त्यामुळे उत्तराला उशीर झाला.

हिंदू, एक स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. बारा वर्षे तुझ्या पत्राची वाट पाहताना आईने डोळे घालवले. लढाईतून तू धड परत आलास. आता पुन्हा खांद्याला बंदूक कशाला? इथल्या एका गिरणीत दारवानाची जागा रिकामी आहे. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील तिथे आहेत, शब्द टाकतो म्हणाले. पगार बेताचा, पण डोक्यावर छप्पर आणि आम्ही जवळ. तू म्हणशील, फाटकाशी उभा राहून पाय सडतील. पिट्ठू घालून उभा राहा, कोणी नको म्हणणार नाही.

तुझ्या त्या नागप्पाचे मात्र मला कौतुक वाटले. नियमाला धरून राहणारा माणूस दिसतो. त्याच्या संगतीत राहा आणि बंदूक माळ्यावर टाक.

वहिनीचे आशीर्वाद. तब्येतीस जप, आणि या भावाला वरचेवर चार ओळी लिहीत जा.

तुझा,
रामहरी


माळवस्ती
९ डिसेंबर १९७३

ती. स्व. दादा यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

घाईत लिवतोय. हितं लांडगा पिसाळलाय.

शुक्रवारी भर दुपारी कोंडीबा धनगराच्या मेंढरांत शिरला. लांडगा एक मेंढरू उचलतो आन् पळतो, हे आपुन ल्हानपनापासनं बगितलंय. ह्यो खाईना. नुसता चावत सुटला. एकाची मान, एकाचं थान, एकाचं पोट फाडून पुढं. कुत्र्यांनी घेरला तर कुत्री फाडली. कोंडीबानं काठी घातली, तर काठी सोडून त्येच्या दंडाला लोंबला. मी गेलो तवर मेंढरं आतडी वढत फिरत व्हती आन् कोंडीबा मधी बसून एकेकीला हाक मारत व्हता.

दुसऱ्या दिवशी बजाबाई गायरानात शेन गोळा करत व्हती. तुमाला आठवंल, आपल्याला बोरं देणारी म्हातारी. तिचं तोंड धरलं दादा. गाल न्हाय ऱ्हायला. मी पान्यानं धुतलं तवा दात भायेरनं दिसत व्हतं. बायांनी जखमंत मिरचीची चटनी भरायला आणली व्हती, मी ती फेकून दिली आन् साबनानं धुतलं. दोगांनाबी बैलगाडीतनं दुधनीला आन् तितनं अक्कलकोटच्या दवाखान्यात धाडलं.

लांडगा कुरणात शिरलाय. गवत छातीबरुबर हाय. गावानं मशाली आणल्या, कुरण पेटवा म्हनाले. नागप्पा कुऱ्हाड घेऊन बांधावर उभा ऱ्हायला. म्हनाला, आख्ख्या मुलखाची गुरं उन्हाळ्यात ह्यावर जगत्यात, पेटवनाऱ्याचा हात तोडीन. मी बंदूक घेऊन आत जातो म्हनलं तर मलाबी तेच. परवानगीचा कागद पायजे, गावानं सोलापूरच्या हापिसाला अर्ज धाडलाय, तवर न्हाय. मी त्येला आईबहिनीवरनं बोललो. त्येनं ऐकून घेतलं, पर हालला न्हाय.

दादा, तुमी उद्याच्या उद्या फारिष्टाच्या हापिसात जावा. कागद घेऊन कुनाला तरी रेल्वेनं धाडा. पाया पडतो.

हिंदुराव


सोलापूर
१३ डिसेंबर १९७३

चि. हिंदुराव यास,
आशीर्वाद वि. वि.

शाळेतून रजा टाकून कचेरीत दोन दिवस बसलो. साहेब दौऱ्यावर आहेत. कारकुनाने तुमचा अर्ज दाखवला. तो पोचला आहे, सहीवाचून पडला आहे. मी आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदाच चढवला असेन, तोही माझ्याच्याने नीट चढला नाही. सोमवारी या म्हणाले.

तोपर्यंत कुरणात पाऊल टाकू नकोस. कायद्याचे भय म्हणून सांगत नाही. तुझ्या मागे मला दुसरा भाऊ नाही, म्हणून सांगतो.

तुझा,
रामहरी


अक्कलकोट
२० डिसेंबर १९७३

ती. स्व. दादा यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र मिळालं, पर उशिरा. लांडगा मेला. मी जित्ता हाय, हे आधी वहिनींना वाचून दाखवा, मग पुढचं वाचा.

चौदा तारखेला बजाबाई गेली. तिच्या जखमाच लई व्हत्या. ती गेल्याचा सांगावा घेऊन नागप्पा सोता माज्या दारात आला. म्हनाला, कागद काय येत न्हाय. चला. नोकरी गेली तर गेली, आनखी एक बाई मेली तर मी बायकोला तोंड दावू शकत न्हाय. मी पिट्ठू भरला. घोंगडी, दोर, साबन, फडकी, दोगांचं पानी. त्यो कुऱ्हाड घेऊन पुढं, मी बंदूक घेऊन मागं.

दिवसभर गवत तुडवलं. वढ्याच्या वळनावर मेलेलं हरान दिसलं, न खाता टाकलेलं. तितनं माग धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढताना नागप्पा थांबला आन् हात वर केला. लांडगा वाटंवरच बसला व्हता. खाली मान, जबड्यातनं लाळंची तार. आमाला बगून उठला आन् पळाला न्हाय, सरळ आला. मी बाजूला सरून नेम धरला, घोडा दाबला, काडतूस फुसकं निघालं. दुसरं भरायला येळच मिळाला न्हाय.

मी आडवा गेलो असं न्हाय, दादा. नागप्पा मधी आला. त्येनं कुऱ्हाड टाकली, ती लांडग्याच्या खांद्याला चाटून गेली, आन् लांडग्यानं त्येचं तोंड धरलं. दोगं खाली. त्येचा हात लांडग्याच्या गळ्याला आन् लांडग्याचं दात त्येच्या भिवईत. मी बंदूक उलटी धरून दस्त्यानं हाणली. एकदा, दोनदा, दस्ता फुटला. तरी सोडंना. मग कुऱ्हाड घेतली. पाटीवर घातली, कणा मोडल्याचा आवाज आला, तरी म्होरचं धड चावतच व्हतं. शेवटी जबड्यात कुऱ्हाडीचा दांडा घालून फाकला आन् डोकं ठेचलं. लढाईत मान्सं मारली, पर असं हातानं ठेचून कुनाला मारलं न्हवतं. मेल्यावरबी मी हाणत व्हतो. नागप्पा साकु, साकु म्हनत व्हता. पुरं झालं म्हनून त्योच मला सांगत व्हता, आन् त्येच्या डोळ्यावरची कातडी लोंबत व्हती.

साबनानं धुतलं. माज्या हातालाबी दात लागलं व्हतं, तेबी धुतलं. त्येच्या मांडीचाबी लचका गेला व्हता, चालता येईना. पिट्ठू रिकामा केला, तळ उसवून त्येचं पाय आरपार घातलं, दोरानं छातीशी बांधला आन् पाटीवर घेऊन निघालो. दुधनीपत्तुर कुटंबी टेकलो न्हाय. टेकलो असतो तर उटलो नसतो. रस्त्यात त्यो माज्या कानाशी कानडीत काय काय बोलत व्हता. मला थोडं कळतं. बायकोला सांगा, कोंबड्या झाकून ठेव म्हनत व्हता.

आता दोगांनाबी रोज पोटात सुई. पोट दगडागत झालंय. नागप्पाच्या शेजारची खाट माजी. डॉक्टरनी मला भायेर नेऊन सांगितलं की तोंडाला चावलं की भरवसा कमी. त्येला सांगितलं न्हाय. मीबी सांगितलं न्हाय.

तुमी येऊ नका, शाळा बुडवू नका. वहिनींच्या हातची शेंगाचटनी कुनाबरूबर धाडली तर दोगं खाऊ. आमचं ध्यान ठेवावं.

हिंदुराव


माळवस्ती
५ जानेवारी १९७४

ती. स्व. दादा यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

सुया संपल्या आन् आमी घरी आलो. चटनी पोचली व्हती, नागप्पानं निम्मी बायकोसाठी, रत्नम्मासाठी, बांधून घेतली. दोन दिवस चांगला व्हता. कुरणाचा फेरा मारायला माज्या खांद्यावर हात टाकून गेला.

तिसऱ्या दिवशी रत्नम्मानं तांब्या दिला आन् त्येनं त्यो फेकला. मग सोताच रडाया लागला. भिवईची जखम भरलीया तितं मुंग्या येत्यात म्हनतो. पानी बगितलं की नरडं आवळतंय, वाऱ्याची झुळूक आली तरी आचके येत्यात. मी परत दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली, गाडीवाला हात लावंना. पायी जाऊन डॉक्टरला गाठलं. ते म्हनाले, आता कुटंबी नेऊन उपेग न्हाय, घरच्यांत असू द्या.

मी तितनं माघारी आलो तर गावानं त्येला खांबाला बांधला व्हता. म्हशीच्या दाव्यानं. हाताची सालं निघाली व्हती. सिद्रामप्पा म्हनाला, त्यो चावला तर जिम्मेदार कोन? मी दावं तोडलं. कुनी आडवं आलं न्हाय, कारन माज्या हातात कुऱ्हाड व्हती.

झटका गेला की त्यो शुद्धीत असतो, हेच वंगाळ हाय. समदं कळतं त्येला. आज सकाळी माजा हात धरून म्हनाला, हिंदुराव, तुमी माजं ऐकून गायरानात बंदूक घेतली, कुरणात न्हाय घेतली. आता एक तुमी माजं ऐका. हितं बंदूक आना. रत्नम्मा चुलीपाशी व्हती, तिनं ऐकलं. दुपारी ती माज्याकडं आली आन् पदर पसरला. तिला मराठी कमी येतं. तिनं नुसतं बंदुकीकडं बोट केलं.

दस्ता मी तारेनं बांधलाय. नळीला काय झालेलं न्हाय. काडतुसं नवी हाईत.

दादा, तुमी शिकल्यालं. मी काय करू ते लिवा. न्हाईतर नगा लिवू, पत्र पोचंल तवर काय व्हईल म्हाईत न्हाय. म्या त्येला पाटीवरनं आणला ते ह्यासाठीच का, एवढंच डोस्क्यात फिरतंय.

हिंदुराव


माळवस्ती
९ जानेवारी १९७४

चि. सौ. सोनाबाई हिस,
रामहरीचे आशीर्वाद वि. वि.

हिंदूचे पत्र हातात पडताच तुला न सांगता स्टेशन गाठले, त्याबद्दल रागावू नकोस. शाळेत निरोप दिला असशीलच.

दुधनीहून चालत आलो. हिंदू नागप्पाच्या झोपडीबाहेर उन्हात बसला होता, बंदूक मांडीवर. मला बघून उठला नाही. आत पाहिले तर नागप्पा गेला होता, तासभर झाला असेल. रत्नम्मा त्याचे तोंड पुसत होती. ते तोंड कसे होते ते तुला लिहीत नाही. हिंदूने मला एकच सांगितले. म्हणाला, मी तयार झालो व्हतो दादा, घोडा चढवला व्हता, नागप्पा माज्या आधी गेला. मग बंदूक उघडून भरलेले काडतूस काढले, बराच वेळ मुठीत धरले आणि माझ्या हातावर ठेवले. ते गरम होते, त्याच्या मुठीने.

पुढचे ऐक. ते लिंगायत, त्यांच्यात बसवून पुरतात. त्यांची पुरण्याची जागा गायरानाच्या कडेला आहे. हिंदूने आणि मी कुदळी घेतल्या. मुरूम कठीण, माझ्या हाताला लगेच फोड आले. कंबरेइतका खड्डा झाला तोच गाव आले. सिद्रामप्पा पुढे. म्हणाला, हितं पुरलं की रोग गवतात उतरंल, गुरं पिसाळतील, रॉकेल वतून जाळा. हिंदूने खड्ड्यातूनच सांगितले की रोग लाळेत असतो, मातीत नसतो, डॉक्टरांनी सांगितले आहे. कोण ऐकतो? म्हणाले, गायरान गावाचे आहे, गार्ड गावाचा नव्हता. ज्याने यांच्यासाठी तोंड पुढे केले त्याला हे म्हणाले.

कोणीतरी दगड टाकला. तो रत्नम्माच्या कपाळाला लागला. ती नवऱ्याच्या शेजारी बसली होती, तशीच त्याच्यावर पडली. दुसरा दगड हिंदूच्या तोंडावर बसला आणि तो खड्ड्यात गुडघ्यावर आला. सिद्रामप्पा रॉकेलचा डबा घेऊन प्रेताकडे वळला.

सोनाबाई, मी वर्गात पोरांना छडीसुद्धा मारत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी फावडे उचलले आणि त्याच्या मनगटावर घातले. हाड मोडले. मोडल्याचे मला हातात कळले. तो ओरडला, डबा पडला, रॉकेल मुरमात जिरले. मी फावडे तसेच वर धरून उभा राहिलो आणि काय काय ओरडलो ते मला आठवत नाही. हिंदू म्हणतो, मी त्यांना एकेकाला नावाने हाक मारून विचारले की लांडगा आला तेव्हा तुम्ही कुठे होता. असेन विचारले. यातले निम्मे माझ्याबरोबर शाळेत होते. ते मागे सरले. पांगलेही नाहीत आणि पुढेही आले नाहीत. मग एका हाताला पट्टी बांधलेला कोंडीबा धनगर गर्दीतून निघाला, खड्ड्यात उतरला आणि एका हाताने माती उपसू लागला.

आम्ही नागप्पाला बसवला. रत्नम्माने त्याच्या गळ्यातले लिंग त्याच्या हातात ठेवले. तिच्या कपाळाचे रक्त त्याच्या सदऱ्यावर पडत होते, ती पुसत होती, पुन्हा पडत होते.

सिद्रामप्पा माझ्यावर फिर्याद करणार आहे. करू दे. मी मारले आहे, नाही म्हणणार नाही. रत्नम्माला तिच्या भावाकडे पोचवून दोन-चार दिवसांत येतो. हिंदूला बरोबर आणायचा विचार होता, तो येणार नाही म्हणतो. मी आग्रह केला नाही.

पोरांना यातले काही सांगू नकोस. घर सांभाळ, आणि मी आल्यावर काही दिवस मला काही विचारू नकोस.

तुझा,
रामहरी


माळवस्ती
२ जून १९७४

ती. स्व. दादा यांस,
हिंदुरावचा साष्टांग नमस्कार वि. वि.

सिद्रामप्पानं फिर्याद काढून घेतली. त्येचा हात वाकडा बसलाय. मला बगितलं की त्यो हात पाटीमागं घेतो. तुमी आता झोपत जावा.

फारिष्टाच्या सायबानं बोलावलं व्हतं. बंदूक कुरणात का नेली म्हनून आधी कागद दिला, मी जबाब दिला, मग म्हनाले, नवा गार्ड येईस्तवर हंगामी ऱ्हाशील का? ऱ्हायलो. गिरणीतल्या मान्साला माजा नमस्कार सांगा, जागा दुसऱ्याला द्या. आप्पांची बंदूक ठाण्यात जमा केलीया. कुरणात काठी घेऊन फिरतो. मागल्या आठवड्यात जीप आली. तिघं व्हते. मी आडवा उभा ऱ्हायलो. एकानं नळी छातीला लावली. मी त्येला म्हनलं, हितल्या गार्डला मारायचं आसंल तर नीट मारा, मी लई चिवट हाय. गेले माघारी.

रत्नम्माच्या भावाचं पत्र आलं. ती शेतात जाती. बोलत न्हाय म्हनतो.

गवत सारं गावच्या गुरांनी खाल्लं. पिसाळलं कोन न्हाय.

वहिनी सारखं इचारत्यात म्हनून लिवतो, मी बरा हाय. डॉक्टर म्हनाले वरीसभर ध्यान ठेवा. तर सकाळी उटलो की तोंड धुयाच्या आधी तांब्या भरतो. थोडा येळ नुसता हातात धरतो. पान्याकडं बगतो. मग घोट घेतो आन् नरडं काय म्हनतंय ते बगतो. उतरला की भायेर निघतो.

आज उतरला, दादा. सगळा तांब्या प्यालो.

तुमचा,
हिंदुराव